स्वस्तातलं पायलट जॅकेट: उसवायचं कुठं, शिवायचं कुठं

माझं जॅकेट पुण्याच्या जुन्या बाजारातलं. हजार सांगितले, सहाशेत आलं. घरी आणून दाखवलं तर धाकट्या भावाचं पहिलं वाक्य, "दादा, जॅकेट हाय का बारदान?" त्याचंही फार चुकलं नव्हतं. चेन अर्ध्यात अडकत होती, मनगटाची रिब, म्हणजे विणलेली ताणपट्टी, लोंबत होती, उजव्या कोपराला काटकोनात फाटलेलं होतं आणि खिशात हात घातला की तो थेट अस्तरात जायचा. पण चामडं बकऱ्याचं, मऊ आणि जिवंत होतं.

बहुतेक स्वस्त जॅकेटांची हीच कथा असते. बनवणारा पैसे वाचवतो ते दोरा, चेन, रिब आणि अस्तर यांत. चामडं त्यामानानं बरं निघतं. म्हणून चामड्याला कमीत कमी हात लावायचा आणि बाकीचं एकेक करून बदलायचं, हे माझं या कामातलं धोरण. कारण साधं आहे. कापडात सुई गेली तर भोक बुजतं, चामड्यात गेली की ते कायमचं. चुकीची टीप उसवता येते, तिची भोकं उसवता येत नाहीत.

ज्याला आपण पायलट जॅकेट म्हणतो त्याचं मूळ म्हणजे अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागानं १९३१ मध्ये ठरवलेलं ए-२. कमरेपर्यंतची लांबी, समोर चेन, टिच बटणानं खाली दाबलेली कॉलर, खांद्यावर पट्ट्या, झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला विणलेली रिब. पाठ अखंड एका चामड्याची. नौदलाचं जी-१ वेगळं. त्याला केसाळ कॉलर असते आणि हात पुढं नेता यावेत म्हणून पाठीला चुण्या असतात. स्वस्त नकलेत पाठ तीन-चार तुकड्यांची असते, कारण लहान कातडी स्वस्त पडतात. ती पाठ काही आपण अखंड करू शकत नाही, तेव्हा ते दुःख आधीच सोडून द्यावं. उजळाईवाडीचा आपला कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा, म्हणजे या जॅकेटांच्या ऐन उमेदीतला. तरी कोल्हापुरात याचा खरा उपयोग डिसेंबरात पहाटे बुलेटवरून पन्हाळा गाठताना.

आधी चामडं आहे का ते बघा

आतल्या खिशाच्या शिवणीपाशी अस्तर दोन-तीन इंच उसवा आणि चामड्याची मागची बाजू बघा. तंतू दिसले, मखमलीसारखं लागलं, तर चामडं. मागं विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. पाण्याचा थेंब टाकून बघायची पद्धत इथं चालत नाही. स्वस्त जॅकेटवर रंगाचा जाड थर असतो, त्यावर खऱ्या चामड्यातही पाणी मुरत नाही. काडी लावून बघणाऱ्यांना तर हात जोडावेत.

कॉलरच्या घडीवर किंवा कोपरावर पापुद्रे सुटत असतील, खपली निघावी तसे, तर ते रेक्झिन किंवा चामड्याचा भुगा चिकटवून केलेला माल. त्याला कुठलाही उपाय नाही. आज एक जागा झाकाल, पुढच्या महिन्यात दुसरी सुटेल. त्यावर रुपयाही घालू नका.

पुढची परीक्षा जिवाची. बाहीच्या कडेपाशी चामडं दोन बोटांत धरून हलकं ओढा. कागदासारखं फाटायला लागलं तर ते वाळून मेलंय. ताणून परत आलं तर काम सुरू करा.

साफ करा, पण तेल लावू नका

जॅकेट मळकं दिसलं की आपला हात खोबरेल तेलाकडं जातो. चपलेला लावतो, जॅकेटला का नको? दोन कारणं. एक, तेल प्यालेल्या चामड्याला सोल्युशन, म्हणजे चपला चिकटवायचा रबरी गोंद, धरत नाही, त्यामुळं पुढची सगळी चिकटवाचिकटवी वाया. दुसरं, खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. थंडीत, म्हणजे नेमकं जॅकेट घालायच्या दिवसांत, ते चामड्यावर पांढुरकं दिसायला लागतं, आणि उन्हाळ्यात आतून अस्तरावर डाग येतात.

कोरड्या मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ काढा. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकून फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि पुसा. बुरशी असेल, आणि इथल्या पावसात ती असतेच, तर जॅकेट गच्चीवर नेऊन, तोंडाला रुमाल बांधून आधी झटका. नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. ऊन नको, हीटर नको. वॉशिंग मशीनचं नावही काढू नका.

फाटलेली जागा

कोपराचं फाटलेलं वरून ठिगळ लावून झाकता येतं, पण ते आतून लावावं. त्यासाठी बाहीचं अस्तर मनगटापाशी उसवून बाही उलटी करा.

ठिगळाला चामडं आणायला मी थेट चपलांच्या कारागिराकडं गेलो. कोल्हापुरात दुसरीकडं कोण जाईल? तिथल्या मामांनी चपलेच्या वेणीचं बकऱ्याचं चामडं हातात दिलं आणि स्वतःच म्हणाले, "नेतोस तर ने, पर ह्ये तुझ्या कामाचं न्हाई." त्यांचं बरोबर होतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. ते पाणी पितं, भिजून वाळलं की कडक होतं आणि आपला तपकिरी रंग आजूबाजूला सोडतं. जॅकेटचं चामडं बहुधा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, मऊ आणि लवचीक. कोपरासारख्या सतत वाकणाऱ्या जागी कडक ठिगळ लावलं तर त्याच्या कडेवर नवी चीर पडते. क्रोमचं पातळ चामडं, अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं, मिळालं तर उत्तम. बॅगा शिवणाऱ्यांकडं तुकडे निघतात. नाहीच मिळालं तर घट्ट विणीचं सुती ट्विल कापडही चालतं.

ठिगळ चिरेपेक्षा सगळीकडून दीड सेंटिमीटर मोठं कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी सुटतो आणि वरून उमटतोही. चामड्याचं ठिगळ असेल तर रापीनं, म्हणजे चांभाराच्या पात्यानं, कड तासून पातळ करा. रापीचा हात नसेल तर मामांना सांगा. त्यांना दोन मिनिटांचं काम, आपल्याला दोन बोटांची जोखीम.

सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडा. ओलं असतानाच दाबायचं ही सगळ्यांची चूक, माझीही. चिरेच्या कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवा. फाटताना निघालेले तंतू कापू नका, सुईच्या टोकानं आत सारा. त्यांनीच चीर झाकली जाते. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तक आणि रात्रभर तसंच. फेविक्विक कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या शेजारी जॅकेट पुन्हा मोडतं.

चेन

चेन बदलण्याआधी ती खरंच गेली आहे का ते तपासा. दात सगळे जागेवर असून चेन मागं उघडत असेल, तर दोष रनरचा, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या तुकड्याचा. घासून त्याचे जबडे फाकलेले असतात. पक्कडीनं रनरच्या दोन्ही कडा आळीपाळीनं, अगदी केसभर दाबा आणि लावून बघा. एकदम जोर दिलात तर तो अडकेल किंवा तुटेल. अडखळणाऱ्या धातूच्या दातांवर मेणबत्ती घासा. निम्म्या चेना एवढ्यावरच सुधारतात.

दात गेले असतील तर नवी घ्या. पूर्ण उघडणारी, धातूची, ५ नंबरची, आणि पितळी रंगाची मिळाली तर फारच छान. चकचकीत चंदेरी चेन ही स्वस्तपणाची पहिली खूण असते. मापाला जुनी चेन काढून दुकानात न्या, आठवणीवर जाऊ नका. खालच्या टोकापासून वरच्या अडणीपर्यंत मोजा, कापडी शेपूट धरू नका.

जुनी चेन उसवण्याआधी एक काम कराच. चेन लावलेली असताना कमरेच्या रिबची शिवण, खिशाची वरची कड आणि कॉलरची शिवण या तीन जागी दोन्ही बाजूंना खडूनं आडव्या खुणा करा. मग चेन काढून त्याच खुणा नव्या चेनवर उतरवा. चामडं शिवताना ताणलं जातं, चेन ताणली जात नाही. खुणा नसतील तर डावा खिसा उजव्यापेक्षा बोटभर वर चढतो, नाहीतर समोरची पट्टी लाटा मारते. आणि रनर आधी ज्या बाजूला होता, नव्या चेनचाही त्याच बाजूला ठेवा.

उसवताना दर तिसरा टाका कापा आणि मागचा दोरा ओढून घ्या. ब्लेडनं सरळ रेघ मारत गेलात तर चामड्यावरही रेघ पडणारच. भोकं स्वच्छ ठेवा, पुढं तीच वापरायची आहेत.

इथं माझी फजिती सांगून टाकतो. पहिल्या खेपेला मी जॅकेट एका शिंप्याकडं टाकलं. त्यानं कापडाच्या सुईनं, कापडाच्या बारीक टाक्यानं, जुन्या भोकांच्या शेजारून टीप मारली. दिसायला सरळ होती. आठवड्यानं गाडीवर बसताना पोटापाशी ती पट्टी टपालाचं तिकीट सुटावं तशी चार इंच सुटली. जवळजवळ पडलेल्या भोकांच्या दोन ओळींत चामडं उरलंच किती होतं? ती जागा मग आतून पट्टी चिकटवून भरावी लागली. आजही आत हात घातला की ती पट्टी लागते.

तेव्हापासून वरून दिसणारी टीप मी हातानंच घालतो, जुन्याच भोकांतून. चेन आधी तीन मिलिमीटरच्या दुतोंडी टेपनं जागेवर बसवा. टाचण्या नकोत, त्यांचीही भोकं राहतात. घडी धरायला कपड्यांचे चिमटे पुरतात. दोरा पॉलिएस्टरचा जाड, मेण लावलेला आणि शिवायच्या लांबीच्या चौपट घ्या. सुती दोरा चामड्यात कुजतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवा, आणि सुई बोथट हवी. भोकं आधीच आहेत, टोकदार सुई नवी पाडते आणि आधीचा दोराही भोसकते.

पहिल्या भोकातून दोरा ओढून दोन्ही बाजूंना सारखा करा. पुढच्या भोकात डावी सुई उजवीकडं काढा. तो दोरा थोडा मागं ओढून धरा आणि त्याच भोकातून उजवी सुई डावीकडं न्या. दोन्ही हातांनी सारखं ओढा. चामडं दबेल इतकं नको, टाका बसेल इतकं. असंच पुढं. शेवटी तीन भोकं मागं येऊन दोरा कापा. एखादं भोक बुजल्यासारखं वाटलं तर आरीचं (भोक पाडायच्या टोच्याचं) टोक नुसतं टेकवा, भोसकू नका. खालून वर शिवत जा आणि दर खुणेपाशी थांबून दुसऱ्या बाजूशी पडताळा. एका बाजूला मला एक संध्याकाळ लागली. दुसरी बाजू लवकर झाली.

मशीनच वापरायचं असेल तर चामड्याची तिधारी सुई, १६ नंबरची, आणि साडेतीन ते चार मिलिमीटरचा टाका. मशीनच्या दाबपट्टीखाली चामडं अडकतं, तिथं बटर पेपर ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. टीप पक्की करायला उलटी शिलाई मारू नका. दोरे लांब सोडून मागच्या बाजूला गाठ मारा. घरचं पायडल मशीन असेल तर जाड जागी पायडलवरचा पाय काढून हातानं चाक फिरवा.

रिब

जॅकेटचं रूप सर्वांत जास्त बदलतं ते रिबनं, आणि खर्च सर्वांत कमी. होजिअरीचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मीटरवर किंवा तयार मनगटपट्ट्यांत मिळते. बोटांनी दुप्पट ताणून सोडा. लगेच परत आली तर घ्या, सुस्तावून आली तर ठेवून द्या. रंग चामड्यापेक्षा एक छटा गडद घ्यावा, फिकट रिब लवकर मळते.

माप असं. बाहीचं तोंड २८ सेंटिमीटर असेल तर रिब २१-२२ सेंटिमीटर, म्हणजे पाऊण भाग किंवा थोडी वर. कमरेला इतकी आवळू नका, घेराच्या ८० ते ८५ टक्के पुरे, नाहीतर जॅकेट फुग्यासारखं वर चढतं. रिब दुमडून दुहेरी लावायची असते, म्हणून उंची हवी त्याच्या दुप्पट, अधिक शिवणीची माया, म्हणजे शिवणीत दबणारी जास्तीची कड.

रिबचे आणि बाहीच्या तोंडाचे खडूनं चार-चार समान भाग करा, खुणेला खूण जुळवून चिमटे लावा आणि शिवताना रिब ताणून चामड्याइतकी करा. चामडं ताणायचं नाही. रिबचा जोड काखेकडच्या शिवणीवर घ्या.

इथं मात्र मी जुन्या भोकांचा हट्ट सोडतो. ही शिवण आत दबते, वरून दिसत नाही. म्हणून नवी टीप जुन्या भोकांच्या तीन-चार मिलिमीटर वर घेतली की जुनी भोकं मायेत जातात. लांबी तेवढी कमी होते, कुणाला कळत नाही. टाका मात्र मोठाच ठेवा. हे काम मशीनवर करायला हरकत नाही.

बाह्या लांब असतील तर याच वेळी चामडं कापून कमी करा, आखूड असतील तर रिब उंच घ्या.

बदल: कुठवर जायचं

हौसेला इथं लगाम लागतो. कॉलरला टिच बटणं लावणं सोपं आहे. कॉलर हवी तशी दाबून टोकाची जागा खुणवा, आतून चामड्याचा किंवा कॅनव्हासचा छोटा तुकडा चिकटवा आणि मगच पंचनं भोक पाडा. आधाराशिवाय लावलेलं बटण एक दिवस भोकासकट हातात येतं. पंच आणि बटण ठोकायचा डाय चपलेच्या कारागिराकडं असतोच.

छातीवरचं शिवलेलं नाव किंवा बिल्ला काढायचा मोह होईल. काढा, पण खाली भोकांची नक्षी राहणार हे धरून. एक तर तिथं दुसरं काही लावा, नाहीतर बिल्ला राहू द्या. जास्तीच्या शोभेच्या चेनांचंही तसंच. मी बाहीवरच्या चेनचा फक्त पुलर काढला. आता ती नजरेला येत नाही.

जॅकेट ढगळ असेल तर काखेपासून कमरेपर्यंत आणि काखेतूनच बाहीखाली जाणारी शिवण थोडी आत घेता येते. दोन्हीकडून दीड-दोन सेंटिमीटरवर जाऊ नका. आधी अस्तर उलटून, कच्चा टाका न घालता, नुसते चिमटे लावून अंगात घालून बघा आणि आत जाड शर्ट असू द्या. आत घेतलेलं परत सैल होत नाही. आणि खांदे बसत नसतील तर ते जॅकेट तुमचं नाही. खांदा उसवणं म्हणजे अर्धं जॅकेट नव्यानं शिवणं, त्यापेक्षा विकून टाकावं.

फाटलेल्या खिशाची पिशवी मात्र नवीच करा. मी जुन्या जीन्सच्या कापडाची केली. मोबाइल, किल्ल्या, सुटे, काहीही टाका.

रंग

ठिगळाच्या जागी रंग लावायचा तो चामड्याचा अ‍ॅक्रिलिक रंग, स्पंजच्या टोकानं टिपून, तीन-चार पातळ थरांत. ब्रशचे फटकारे दिसतात. रंग एकच घेऊ नका. तपकिरी जॅकेटचा तपकिरी कधीच बाटलीतला नसतो. त्यात काळ्याचा थेंब, पिवळ्याचा थेंब असं करत जुळवा आणि वाळल्यावर बघा, ओला रंग फसवतो.

नवं जॅकेट जुनं दिसावं म्हणून काही जण अ‍ॅसिटोननं वरचा रंग उतरवतात. उतरतो, आणि छानही दिसतं. पण आधी कॉलरखाली कापसाच्या बोळ्यानं तपासा. खाली करडं-निळसर चामडं निघालं तर थांबा, कारण ते झिजून जुनं वाटत नाही, खरूज झाल्यासारखं वाटतं. तपकिरी निघालं तर शिवणींच्या कडा, खिशाची झाकणं, बाहीची कड, म्हणजे खरोखर जिथं घासतं तिथंच हलका हात फिरवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, उदबत्ती, देवापुढची निरांजनं, सगळं बंद असू द्या. अ‍ॅसिटोनची वाफ लगेच पेट घेते.

शेवटी रंगहीन लेदर क्रीम, कापडावर वाटाण्याएवढं घेऊन. बुटाचं पॉलिश नको, ते शर्टाच्या कॉलरवर आणि मागं बसलेल्याच्या हातावर उतरतं. मग अस्तर आतून बारीक टाक्यांनी बंद करा. ही शिवण उसवायला सोपीच असावी, पुढच्या खेपेला तिथूनच आत शिरायचं आहे.

जून ते सप्टेंबर

कोल्हापुरात जॅकेट मरतं ते घालून नाही, कपाटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की दसऱ्याला पांढरं होऊन निघतं. जुन्या सुती साडीची किंवा चादरीची पिशवी शिवा, रुंद हँगरवर टांगा आणि भिंतीला टेकणाऱ्या कपाटाच्या मागच्या फळीपासून चार बोटं लांब ठेवा. खिशात सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या नकोत, तो वास चामड्यातून वर्षभर जात नाही. पावसानं उघडीप दिली की तासभर बाहेर, सावलीत. पितळी टिच बटणांभोवती हिरवं दिसलं तर कोरड्या फडक्यानं लगेच पुसा, ते आजूबाजूच्या चामड्यात उतरतं.

माझ्या जॅकेटचा हिशेब चेन, रिब, रंग, दोरा आणि मामांच्या चहासकट खरेदीच्या दीडपट झाला. भाऊ गेल्या डिसेंबरात दोन दिवसांसाठी म्हणून ते घेऊन गेला, अजून दिलेलं नाही.